आत्माराम, मुक्काम नरडाणा

धुळे, ९ जानेवारी १९८८

ती. अक्का,

नमस्कार पायांवर ठेवला आहे, आशीर्वाद परत टपालाने पाठव.

आम्ही टीव्ही घेतला हे तुला कळवलं होतं. आता टीव्हीने आमचं काय केलं ते कळवतो. दर गुरुवारी बातम्या झाल्या की ‘अगला मुकाम’ नावाची हिंदी मालिका लागते. शेखर नावाचा एक शाळामास्तर आहे. त्याच्यावर हेडमास्तरांच्या खुनाचा आळ आला आणि तो पळाला. खून त्याने केलेला नाही हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, आमच्या अख्ख्या चाळीला माहीत आहे. एका इन्स्पेक्टरला तेवढं माहीत नाही. दर आठवड्याला नवं गाव, नवं नाव, नवं काम. कुठे गिरणीत दळण दळतो, कुठे सायकलींचे पंक्चर काढतो. त्या गावात कुणावर तरी अन्याय चाललेलाच असतो. तो हा निस्तरतो आणि इन्स्पेक्टर पोचायच्या आत खांद्याला पिशवी लावून चालता होतो. निरोपसुद्धा घेत नाही. मागे एखादी म्हातारी दारात उभी राहून रडते आणि इकडे मी रडतो. नेमकं तेव्हाच कमल विचारते, उद्या डब्याला काय देऊ.

तुझा भाऊ कसा माणूस आहे हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी मी साहेबांच्या दारात दोन दिवस उभा राहतो. अर्धा किलो बटाटे घ्यायचे तरी घरी विचारून घेतो. बारा वर्षं झाली, इथल्या बसस्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारतो. सुरत, नाशिक, इंदूर. पुकारल्या हजारो, पण बसलो ती फक्त शहाद्याच्या गाडीत, सासुरवाडीला जायला, आणि तीही कमल शेजारी असताना. असल्या माणसाला गुरुवारी वाटू लागतं की आपण जन्माचेच फरारी आहोत, फक्त वॉरंट निघायचं राहिलं आहे.

गेल्या महिन्यात मी शेखरसारखी खाकी पिशवी घेतली. तिच्यात डबा नेतो. दाढीही वाढवली. ती जागोजागी उगवली, मधे मधे पीक गेलं. साहेबांनी पाहून विचारलं, सरोदे, काविळीतून उठलात का? आणि न मागता एक दिवसाची रजा दिली. फरारी होऊन एवढाच फायदा झाला.

तुमच्याकडे ही मालिका दिसते का? दाजींना नमस्कार.

तुझा,
कौतिक

* * *

असोदा, २२ जानेवारी १९८८

चि. कौतिक,

आशीर्वाद पाठवते आहे. दाढी काढलीस की लागू होतील.

ती मालिका दिसते का म्हणून काय विचारतोस? आमच्या गावात तिच्याशिवाय दुसरं काही दिसेनासं झालं आहे. पंचायतीने चावडीत लहान टीव्ही आणला. चावी कुणाकडे ठेवायची यावर दोन सभा झाल्या आणि शेवटी तुझ्या दाजींकडे दिली, कारण त्यांचं कुणाशी वाकडं नाही. एवढा मान त्यांना लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. आता गुरुवारी दुपारपासून त्यांचं लक्ष लागत नाही. वीज नेमकी गुरुवारी जाते, म्हणून त्यांनी उपाय काढला आहे. आमच्या गल्लीत उखर्डूभाऊंचा ट्रॅक्टर आहे. संध्याकाळी पाना घेऊन त्याची बॅटरी काढायची, डोक्यावर घेऊन चावडीत न्यायची, टीव्ही तिच्यावर लावायचा आणि सकाळी ती परत बसवायची. उखर्डूभाऊ स्वतः पहिल्या रांगेत बसतात, त्यामुळे हरकत घ्यायला कोणी नाही.

मी एकदा पाहिली. तुझ्या दाजींना विचारलं, ह्या मास्तरला बायको आहे का? म्हणाले, आहे, सुरुवातीला फोटो दाखवतात. मी म्हटलं, मग तिचं दळण कोण आणतं? केळीला पाणी कोण देतं? ह्या साध्या प्रश्नावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तालुक्याबाहेर दोनदा गेलेला माणूस, एकदा लग्नाला आणि एकदा दातासाठी, आणि राग असा की जणू त्यांचंच वॉरंट निघालं आहे.

मुलगा राहुरीला कॉलेजात रमला आहे. घरात आम्ही दोघंच, त्यातले एक गुरुवारी चावडीत. कमलला सांग, तिच्यासाठी केळीचे वेफर्स ठेवले आहेत.

अक्का

* * *

धुळे, २० फेब्रुवारी १९८८

श्री. आत्माराम,
मुक्काम नरडाणा, कापसाची जिन

दाजी, पत्र वाचून फाडून टाका. नावाला दचकू नका, आता तेच तुमचं नाव आहे. जीवराम हे नाव विसरा.

आठ दिवस झाले, माझ्या अंगावरचा काटा अजून बसलेला नाही. त्या शुक्रवारी मी शहादा गाडी पुकारत होतो आणि काचेपलीकडे तुम्ही उभे. पायांत चप्पल नाही, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. शहाद्याच्या जागी मी दोनदा सुरत पुकारलं. नऊ प्रवासी चुकीच्या गाडीत बसले, त्यांचा मेमो मला मिळाला आहे. तुमच्यासाठी तो मी आनंदाने घेतला.

तुम्ही सांगितलं ते सारखं डोळ्यांसमोर येतं. गुरुवारी मालिका संपल्यावर बॅटरी चावडीतच राहिली. कुलूप लावून, चावी खिशात टाकून, रात्री वीज आली तसे तुम्ही बागेत पाणी द्यायला गेलात. इकडे उखर्डूभाऊंच्या सुनेला कळा सुरू झाल्या. तिला जळगावला न्यायचं तर ट्रॅक्टर सुरू होईना, आणि माणसं तुमच्या चावीसाठी गावभर फिरली, एवढं तुम्हाला बागेतून परतताना वेशीवर एका गुराख्याकडून कळलं. पहाटे तुम्ही गल्लीत शिरलात तर त्यांच्या अंगणात तीन दगडांवर मोठं तपेलं चढलेलं, बाया डोक्यावरून पदर घेऊन ओट्यावर बसलेल्या, आणि उखर्डूभाऊ डोकं धरून. मयताच्या आंघोळीचं पाणीच आपल्याकडे असं घराबाहेर तापवतात. तुम्हाला कुणाला काही विचारावं लागलं नाही. आल्या पावली तुम्ही फिरलात.

“माह्या हातून गेली रे ती,” एवढंच तुम्ही बोललात आणि पाणी मागितलंत.

दाजी, आता लाज वाटते पण कबूल करतो. मला वाईट वाटलं, पण ते नंतर. आधी छाती भरून आली. वाटलं, इतकी वर्षं गाड्या पुकारल्या त्याचं चीज झालं, आपल्या घरात एक शेखर निघाला. पिशवी दिली, मफलर दिला, छगनच्या नावाने चिठ्ठी दिली. छगन माझा शाळेपासूनचा मित्र, सरकी काढायच्या ह्या जिनमध्ये मुकादम आहे, तो जपेल. बसताना दाराकडे तोंड करून बसा. गावाचं नाव कुणी विचारलं तर खोकून वेळ मारून न्या. आणि घरी पत्र लिहू नका. शेखर कधीही लिहीत नाही, इन्स्पेक्टर नेमका पत्रावरून माग काढतो. अक्काला मी काही बोलणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यापासून काही लपवतो आहे.

परवाच्या भागात शेखरने एका विधवेची विहीर मोकळी करून दिली. तुम्ही असायला हवे होतात.

तुमचा,
क. (पूर्ण नाव लिहीत नाही)

* * *

असोदा, २ मार्च १९८८

चि. कौतिक,

इकडे सगळं ठीक आहे. तुझे दाजी यावलला गेले आहेत, लागवडीसाठी केळीचे कंद पाहायला. त्यांना ठरवायला वेळ लागतो हे तुला माहीत आहेच, त्यामुळे काही दिवस राहतील.

चावडीतला टीव्ही सध्या बंद आहे. गुरुवारी वीज नसते आणि बॅटरी आता मिळत नाही. म्हणून तुला विचारते. तो मास्तर जेवतो कुठे? त्याला पांघरायला असतं का? आजारी पडला तर कुणाला सांगतो? तो घरून निघाला तेव्हा बायकोशी काही बोलणं झालं होतं का, भांडण वगैरे? दाखवलं असेल तर नीट आठवून लिही. कधी परत येणार असं काही म्हणतो का, तेही लिही.

यंदा आखाजीच्या सणाला माहेरी येणं जमेल असं वाटत नाही. बागेचं काम आहे. कमलला वाईट वाटून घेऊ नको म्हणावं.

अक्का

* * *

धुळे, ८ मार्च १९८८

ती. अक्का,

तुला मालिकेची इतकी गोडी लागलेली पाहून आनंद झाला. सगळं सविस्तर लिहितो.

मास्तर सध्या एका कापसाच्या जिनमध्ये कामाला आहे. दोन वेळची भाकरी मुकादमाच्या घरून येते. डाळ जरा पातळ असते, पण गरम असते. पांघरायला घोंगडी आहे आणि एक मफलरही आहे, चांगला, लोकरीचा. मधे कापसाच्या कचऱ्याने त्याला खोकला झाला होता. हळद घालून दूध दिलं तेव्हा उतरला. आता तब्येत ठणठणीत आहे. तुझ्या जिवाला घोर लागू नये म्हणून मुद्दाम कळवतो.

भांडणाचं काही दाखवलेलं नाही. मास्तर पडला निरपराध, पण त्याला स्वतःला वाटतं की आपल्या हातून मोठा गुन्हा झाला. असा माणूस घर सोडतो तो घरच्यांच्या भल्यासाठीच, असं माझं मत आहे. कमलचं मत वेगळं आहे. ती म्हणते, तुम्ही निघून गेलात तर मी आधी ती पिशवी शोधून धुवायला टाकीन.

आखाजीला येत नाहीस हे चालणार नाही. भाऊ धुळ्यात असताना बहीण सणाला सासरीच राहिली तर लोक मला काय म्हणतील? मी स्वतः मुऱ्हाळी म्हणून तुला न्यायला येतो. रजेचा अर्ज आजच लिहिला आहे. साहेबांना देण्याची हिंमत गोळा करतो आहे.

दाजी यावलहून आले की नमस्कार सांग.

कौतिक

* * *

असोदा, २० मार्च १९८८

चि. कौतिक,

तू येऊ नकोस. तू दारात आलास की गल्ली गोळा होईल आणि पहिला प्रश्न विचारील की दाजी कुठे. म्हणून आता तुला खरं सांगते. कमललासुद्धा सांगू नको.

तुझे दाजी यावलला नाहीत. कुठे आहेत ते मला माहीत नाही. आज सदतीस दिवस झाले.

११ फेब्रुवारीच्या गुरुवारी आमचं वाजलं. त्या दिवशी भाकर टाकून ते चार वाजताच चावडीत निघाले. मी दळण आणायला सांगितलं होतं, ते राहिलं. माझा ताबा गेला. म्हटलं, “जा तुमीबी त्या मास्तरासारखे निंघून. पाहू कोन रडते दारात.” ते चावडीत गेले, तिथून बागेत गेले, आणि बागेतून परत आलेच नाहीत. बावीस वर्षांत मी त्यांना किती बोलले असेन, त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. तेवढं एकच घेतलं. मी माझ्या जिभेने माझा माणूस घालवला, कौतिक. आणि रडायला दारातसुद्धा उभी राहू शकत नाही, लोक पाहतात. घरात बसून रडते.

पाणी मीच देते. मोटर चालू करायची मला भीती वाटायची, आता वाटत नाही. त्यातल्या त्यात उखर्डूभाऊंच्या सुनेचा आधार आहे. तान्ही मुलगी घेऊन ती माझ्या ओट्यावर येऊन बसते, काही विचारत नाही. ती त्याच रात्री बाळंत झाली. बॅटरी चावडीत अडकली म्हणून ट्रॅक्टर निघेना, चावी तुझ्या दाजींच्या खिशात. शेवटी झुंबरबाई सुईणीने घरातच मोकळी केली. आतली चूल बाळबाळंतिणीच्या शेकाला गुंतली म्हणून न्हाणाचं पाणी तिने पहाटे अंगणात तीन दगडांवर तापवलं. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, हे काय अभद्र, पण झुंबरबाई कुणाचं ऐकते? मायलेकी खुशाल आहेत. उखर्डूभाऊ घाबरून सकाळपर्यंत डोकं धरून बसले होते. सगळी गल्ली तिथे होती. तेवढे हेच नव्हते.

तुला सांगून मन हलकं झालं. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

अक्का

* * *

धुळे, २४ मार्च १९८८

दाजी,

ती जिवंत आहे. उखर्डूभाऊंची सून जिवंत आहे, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. तपेल्यातलं पाणी बाळंतिणीच्या न्हाणाचं होतं. कुणी मेलेलं नाही. कुणी तुमच्या मागावर नाही. अक्काला वाटतं तुम्ही तिच्या बोलण्यावरून गेलात आणि ती एकटी मोटर चालू करून केळीला पाणी देते आहे. हे पत्र मिळताच मिळेल त्या गाडीने असोद्याला जा. पिशवी तुमच्याकडेच ठेवा.

कौतिक जगन्नाथ सरोदे
(आता पूर्ण नाव लिहायला हरकत नाही)

* * *

नरडाणा, ३० मार्च १९८८

कौतिकराव यांस,

पत्र पोचलं. वाचून आधी मी कापसाच्या गाठीवर बसलो. पोरगी वाचली हे फार चांगलं झालं. दीड महिन्यात पहिल्यांदा जेवण गोड लागलं. रात्री झोप लागली. सकाळी उठलो आणि लक्षात आलं की आता घरी जाता येणार नाही.

तुम्ही म्हणाल हे काय. नीट ऐका. माझ्या हातून बाई गेली असती तर मी पोलिसांपुढे गेलो असतो, गावापुढे मान खाली घालून उभा राहिलो असतो. लोकांनी शिव्या दिल्या असत्या, त्या घेतल्या असत्या. पण आता मी गावात शिरलो की उखर्डू विचारणार, जीवराम, काय पाहून पळाला? मी काय सांगू? तपेलं पाहून? असोद्यात आमच्या सात पिढ्या झाल्या, त्यांत असा कुणी नाही. गुन्हेगार म्हणून परतणं जमलं असतं, वेडा म्हणून कसं परतू?

आणि इथे कसं आहे ते सांगतो. छगनभाऊंनी कुणाच्या तरी कानात सांगितलं की हा माणूस काहीतरी करून आला आहे. तेव्हापासून पहिला चहा मला मिळतो. मॅनेजर सगळ्यांना अरेतुरे करतो, मला आत्मारामजी म्हणतो. गावात इतकी वर्षं चावी सांभाळली, कुणी जी लावला नाही.

तिला ह्यातलं काही कळवू नका. तिच्या बोलण्याचा मला राग नव्हता, त्या दिवशी तिचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं, डोक्यात मास्तर होता. हे कळवलं तर तिला आणखी वाईट वाटेल. केळीला पोटॅश द्यायची वेळ झाली आहे, एवढं कुणाच्या तरी तोंडी कळवता आलं तर पाहा.

जीवराम
(बाहेर पाकिटावर आत्माराम लिहिलं आहे)

* * *

धुळे, ३ एप्रिल १९८८

ती. अक्का,

हे पत्र बसून वाच. वाचून झाल्यावर माझ्याशी संबंध ठेवायचा की नाही ते ठरव.

दाजी नरडाण्याला आहेत. छगनच्या जिनमध्ये. मीच तिथे ठेवले. १२ फेब्रुवारीला ते माझ्याकडे आले होते. अंगणातलं तपेलं पाहून त्यांना वाटलं की उखर्डूभाऊंची सून गेली आणि ते चावीमुळे, म्हणजे त्यांच्यामुळे. तुझ्या बोलण्याशी त्याचा काही संबंध नाही, त्यांना ते ऐकूही आलं नव्हतं. मी शहाणा असतो तर असोद्याच्या पोस्टमास्तरांना एक फोन करून विचारलं असतं, पाच मिनिटांत उलगडा झाला असता. मी काय केलं? त्यांना नवं नाव दिलं, मफलर दिला आणि घरी पत्र लिहू नका असं बजावलं. जिनमधला भाग म्हणून मी तुला लिहिलं तो भाग टीव्हीवर कधी लागलाच नाही. त्या गुरुवारी शेखर आगगाडीत कोळसा टाकत होता.

तुझं २० तारखेचं पत्र वाचून मी जिन्यात बसलो. तू सदतीस दिवस स्वतःला दोष देत होतीस, आणि मी इकडे मालिका पाहून डोळे पुसत होतो. मला माझीच किळस आली, अक्का. ती कमलने वाटून घेतली. तिला सगळं सांगितलं, तेव्हापासून टीव्हीवर तिने चादर टाकली आहे.

मी दाजींना आणायला दोनदा नरडाण्याला गेलो. हो, बसमध्ये बसून, एकटा. पहिल्या वेळी मला फाटकात पाहून ते कापसाच्या ढिगामागे गेले. दुसऱ्या वेळी मागच्या दाराने गेले. दाराकडे तोंड करून बसा, हे मीच शिकवलं होतं. त्यांना लाज वाटते की लोक हसतील, आणि माझं ते ऐकत नाहीत. तूच सांग काय करू. तुझे माझ्यावर किती उपकार आहेत, आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि मी तुझा संसार असा खेळायला घेतला. क्षमा मागायलाही तोंड नाही.

कौतिक

* * *

असोदा, १२ एप्रिल १९८८

चि. कौतिक,

आशीर्वाद देते आहे, कारण सवय आहे.

तुझं पत्र वाचलं आणि आधी तुला खूप शिव्या दिल्या. इथे लिहीत नाही, कमल वाचेल. मग रडले. मग पुन्हा वाचलं. त्या जिनमधल्या भागावरूनच मला कळायला हवं होतं. डाळ पातळ आहे असं टीव्हीत कधी कुणी सांगतं का?

शुक्रवारी सकाळी जळगावला जाऊन सुरत पॅसेंजर धरली. आगगाडीत एकटी मी कधी बसले नव्हते. अमळनेरला एका बाईने विचारलं, कुठे निघालात, तर म्हटलं माणूस आणायला. नरडाण्याला उतरून विचारत विचारत जिनपाशी गेले. फाटकात रखवालदार. म्हणाला, “कोन पाहिजे बाई?” मी गप्प. तुला ठाऊक आहे, ह्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर तोंडातून कधी काढलेलं नाही. रखवालदाराने पुन्हा विचारलं. आणि मग आठवलं की इथे ते नाव नाहीच मुळी. इथलं नाव घ्यायला मला कुणाची बंदी आहे?

मी फाटकाला धरून ओरडले. आत्माराम. एकदा ओरडले, मग थांबवेना. पंचवीस माणसं काम टाकून पाहत होती. छप्पन दिवसांचं सगळं त्या हाकेत बाहेर पडलं. हे कापसाच्या ढिगामागूनच आले. केसांत कापूस, भुवयांना कापूस, गळ्यात तुझा मफलर, त्या उन्हाळ्यात. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि खाली पाहू लागले.

म्हणाले, “लोकं हासतीन.”

मी म्हटलं, “हासतीन दोन दिवस. मी छप्पन दिवस रडली, ते कोनी पाह्यलं?”

ते आत गेले आणि पिशवी घेऊन आले. मॅनेजर फाटकापर्यंत सोडायला आला. आत्मारामजी, पुन्हा या म्हणाला. छगनभाऊंच्या बायकोने वाटेत खायला भाकरी बांधून दिली.

धुळे तिथून जवळ, तरी तुझ्याकडे उतरलो नाही. मुद्दाम. त्या दिवशी तू समोर असतास तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

गावात काय झालं ते सांगते. यावलचं कुणालाच खरं वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं की ते पळाले, कशासाठी तेवढं माहीत नव्हतं. उखर्डूभाऊंनी ओट्यावर बसवून विचारलंच. ह्यांनी सांगितलं, तपेलं. उखर्डूभाऊ इतके हसले की त्यांना पाठीवर थोपटावं लागलं. मग गल्ली हसली. हे मान खाली घालून बसले होते. मग उखर्डूभाऊंची सून बाहेर आली. ती हसली नाही. तिने मुलगी ह्यांच्या मांडीवर दिली आणि म्हणाली, काका, आमच्यासाठी एवढं कोण पळतं? तेव्हा हे रडले, सगळ्यांसमोर. नंतर कुणी फारसं हसलं नाही. लहान पोरं अजून तपेलं दाखवतात, पण ते चालायचंच.

एकोणीसला अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आहे. दोन दिवस आधी मुऱ्हाळी म्हणून ये. अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेव आणि मागे न पाहता निघून ये. आल्यावर गल्लीला सगळं तुझ्या तोंडाने सांगायचं, नाव कुणी दिलं, पत्र लिहू नका कुणी म्हटलं, सगळं. हसण्यातला अर्धा वाटा तुझा आहे, तो तू उचल. मग मी तुझ्यासोबत येईन.

बागेला पोटॅश दिला. केळीने मला माफ केलं असावं, पानं तरारली आहेत. घरी आलो तसे आम्ही पुन्हा पहिल्यासारखे झालो. मी अहो म्हणते, ते हं म्हणतात. काल संध्याकाळी विहिरीपाशी गेले होते. हे पलीकडच्या टोकाला पाण्याची बारी बदलत होते, एका सरीचं पाणी दुसरीत सोडत. आजूबाजूला कुणी नव्हतं, मी चहूकडे पाहून घेतलं. मग हळूच हाक मारून पाहिली, आत्माराम.

त्यांनी ओ दिली.

अक्का